मंदी, मतपेटी आणि वॉल स्ट्रीटचे वार्ताहर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली आणि त्याच सुमारास बाजारही डळमळला, की माझ्याकडे प्रश्नांची रांग लागते. काही प्रश्न म्युच्युअल फंडवाल्यांचे असतात, काही आयटीतल्या मुलामुलींच्या आईवडिलांचे, काही थेट न्यू जर्सीहून येतात. तेच ते प्रश्न पुन्हा येतात म्हणून ते इथे एका जागी ठेवले आहेत. सोपे आधी आणि अडचणीचे नंतर, असा साधारण क्रम आहे.

१. ‘अर्थमाध्यमं’ म्हणजे नक्की कोण कोण? सगळ्यांना एकाच मापाने मोजायचं का?

मोजू नका. प्रत्येकाचं गिऱ्हाईक वेगळं आहे. वॉल स्ट्रीट जर्नल १८८९ पासून निघतो आणि २००७ पासून मर्डोक कुटुंबाच्या न्यूज कॉर्पकडे आहे. फायनान्शियल टाइम्स हा लंडनचा गुलाबी कागदाचा पेपर. २०१५ मध्ये तो जपानच्या निक्केई या माध्यमसमूहाने घेतला. द इकॉनॉमिस्ट हे साप्ताहिकही लंडनचंच. ब्लूमबर्ग आणि रॉयटर्स बातम्या विकतात त्या मुख्यतः बँकांना आणि सौदे करणाऱ्यांना, त्यामुळे त्यांच्या बातमीत सेकंदाला किंमत असते. सीएनबीसी आणि फॉक्स बिझनेस हे टीव्हीवाले. त्यांना दिवसभर पडदा हलता ठेवायचा असतो. बाजार शांत असला तरी बोलत राहावं लागतं, आणि निवडणुकीच्या दिवसांत बोलायला उमेदवार आयताच मिळतो.

२. हे लोक उमेदवाराकडे इतर पत्रकारांपेक्षा वेगळ्या नजरेने बघतात का?

हो. राजकीय वार्ताहर विचारतो, हा जिंकेल का? अर्थवार्ताहर विचारतो, हा जिंकला तर कशाचा भाव वर जाईल आणि कशाचा खाली? त्या प्रश्नाच्या पोटात आणखी तीन प्रश्न असतात. कर आणि खर्चाबद्दल हा काय बोलतोय, त्यातलं काँग्रेसमधून, म्हणजे तिथल्या संसदेतून, किती पार पडेल, आणि अर्थमंत्री कोणाला करेल.

तिसरा प्रश्न आपल्याकडे कोणी फारसा विचारत नाही, तिथे तो मोठा असतो. ७ ऑक्टोबर २००८ च्या वादचर्चेत दोन्ही उमेदवारांना थेट विचारलं गेलं, की अर्थमंत्री म्हणून कोण? मॅकेन यांनी बडे गुंतवणूकदार वॉरन बफे यांचं नाव घेतलं, तेही ‘ते तुमचे समर्थक आहेत’ असं ओबामांना सांगत, आणि जोडीला ईबेच्या माजी प्रमुख मेग व्हिटमन यांचं. ओबामांनीही बफेंचं नाव मान्य केलं. बफे काही अर्थमंत्री होणार नव्हते, हे तिघांनाही माहीत असणार. पण त्या आठवड्यात बाजार इतका भेदरलेला होता की विश्वासाचं एक नाव उच्चारणं हेच धोरण झालं होतं.

एक गोष्ट मनात ठेवून हे सगळं वाचा. ही नजर ज्याच्याकडे शेअर किंवा रोखे आहेत त्याची आहे. ज्याच्याकडे फक्त पगार आहे, त्याची नाही. खोटं कोणी लिहीत नाही, पण खिडकी ठरलेली आहे. या खिडकीतून काय दिसत नाही, ते प्रश्न ९ मध्ये आहे.

३. मंदीत किंवा आर्थिक संकटात ही नजर बदलते का? एखादं ठळक उदाहरण द्या.

बदलते, आणि २००८ इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

एरवी अर्थमाध्यमांना कर कमी करणारा, नियम सैल करणारा उमेदवार आवडतो. या हिशेबाने २००८ मध्ये रिपब्लिकन जॉन मॅकेन त्यांचे लाडके व्हायला हवे होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला पक्षाच्या अधिवेशनानंतर काही चाचण्यांत ते किंचित पुढेही होते. मग १५ सप्टेंबरचा सोमवार उजाडला. लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला, मेरिल लिंच ही दुसरी गुंतवणूक बँक बँक ऑफ अमेरिकाच्या पदरात गेली, डाऊ जोन्स हा शेअर निर्देशांक ५०४ अंकांनी पडला. त्याच दिवशी सकाळी फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या सभेत मॅकेन म्हणाले, की आपल्या अर्थव्यवस्थेचा पाया मजबूत आहे.

हे वाक्य ते आधीही बोलत आले होते. संकटाच्या आदल्या शुक्रवारी ते खपूनही गेलं असतं. दुपारी ऑर्लँडोत त्यांनी सारवासारव केली, की ‘पाया’ म्हणजे मला अमेरिकन कामगार अभिप्रेत होते. पण तोवर पडद्याच्या अर्ध्या भागात मॅकेन आणि अर्ध्या भागात खोकी घेऊन लेहमनच्या इमारतीतून बाहेर पडणारे कर्मचारी, असं चित्र होऊन बसलं होतं. त्याआधी जुलैमध्ये त्यांचे सल्लागार फिल ग्रॅम ‘ही मानसिक मंदी आहे, आपण रडक्यांचा देश झालो आहोत’ असं बोलून गेले होते आणि त्यांना बाजूला व्हावं लागलं होतं. आता तेही सगळ्यांना आठवलं.

पुढचे दहा दिवस बघा. १६ तारखेला एआयजी या विमा कंपनीला ८५ अब्ज डॉलरचं कर्ज जाहीर झालं. १८ तारखेला मॅकेन म्हणाले, मी अध्यक्ष असतो तर शेअर बाजार नियामकाचे प्रमुख ख्रिस्तोफर कॉक्स यांना काढून टाकलं असतं. दुसऱ्या दिवशी वॉल स्ट्रीट जर्नलच्या अग्रलेखाने कोणाला झोडपलं? मॅकेन यांनाच. एरवी ज्या पानावर त्यांची बाजू घेतली गेली असती, त्याच पानावर. २४ तारखेला त्यांनी प्रचार थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि पहिली वादचर्चा पुढे ढकलावी अशी मागणी केली. २५ ला व्हाइट हाउसमध्ये तेव्हाचे अध्यक्ष धाकटे बुश, दोन्ही उमेदवार आणि काँग्रेसचे नेते बसले, ती बैठक भांडणात संपली. २६ ला वादचर्चा ठरल्याप्रमाणे मिसिसिपीत झालीच, आणि मॅकेन तिला हजर होते.

आता धोरणात फरक किती होता ते बघा. बँका वाचवण्यासाठीच्या ७०० अब्ज डॉलरच्या बचाव योजनेला सेनेटमध्ये ओबामांनी होकार दिला, मॅकेन यांनीही दिला. मत एकच. तरी अर्थमाध्यमांचं पारडं झुकलं, ते स्वभावावरून. संकटात त्यांना डावा-उजवा नको असतो, उद्या सकाळी हा माणूस काय करेल याचा अंदाज बांधता येणारा हवा असतो. ओबामा त्या दिवसांत फार काही बोलले नाहीत, आणि तेच त्यांच्या कामी आलं. मॅकेन यांच्यावर अन्याय झाला असं म्हणायलाही जागा आहे. सत्तेवर त्यांचाच पक्ष होता, त्यामुळे गप्प बसले असते तरी ठपका चुकला नसता. पण तीन दिवसांत तीन वेगळ्या दिशांनी धावणारा उमेदवार बाजाराला परवडत नाही.

४. पण मंदी आहे की नाही हे मतदानाआधी कळतं ना? मग माध्यमं स्पष्ट लिहीत का नाहीत?

कारण बहुतेक वेळा अधिकृत उत्तर मतदान उरकल्यावर येतं. अमेरिकेत मंदीच्या तारखा सरकार ठरवत नाही. नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च या खासगी संशोधन संस्थेची समिती ठरवते, आणि ती सावकाश ठरवते. ‘लागोपाठ दोन तिमाही घट म्हणजे मंदी’ ही व्याख्या आपल्या पेपरांत सर्रास दिसते, पण ती या समितीची नाही.

१९९२ चा किस्सा थोरल्या जॉर्ज बुश यांना आयुष्यभर सलला असेल. मंदी मार्च १९९१ मध्येच संपली होती. समितीने ते जाहीर केलं २२ डिसेंबर १९९२ ला, म्हणजे क्लिंटन जिंकून सात आठवडे झाल्यावर. अर्थात नुसत्या घोषणेने ते वाचले असते असं मी म्हणणार नाही. बेरोजगारी १९९२ च्या जूनमध्ये ७.८ टक्क्यांवर होती. ज्याची नोकरी गेली त्याला मंदी कागदावर संपल्याने काय फरक पडतो?

२००८ मध्ये उलटं झालं. मतदान ४ नोव्हेंबरला झालं, आणि १ डिसेंबरला समितीने सांगितलं की मंदी डिसेंबर २००७ पासूनच चालू आहे. म्हणजे जवळपास सगळा प्रचार मंदीत झाला आणि तिचं नाव घेताना सगळे ‘संभाव्य’ हा शब्द लावत राहिले. मतदानाच्या पाच दिवस आधी आलेल्या पहिल्या अंदाजात तिसऱ्या तिमाहीतली अर्थव्यवस्थेची घट फक्त ०.३ टक्के होती. पुढच्या दुरुस्त्यांत ती कितीतरी मोठी निघाली.

अपवाद दोन आहेत. १९८० च्या मंदीची घोषणा त्याच वर्षी जूनमध्ये झाली आणि २०२० च्या मंदीचीही जूनमध्येच. दोन्ही वेळा सत्तेवरचा अध्यक्ष हरला. दोन उदाहरणांवरून नियम बांधू नये, पण हे लक्षात राहतं खरं.

५. वॉल स्ट्रीट जर्नल म्हणजे रिपब्लिकनांचा पेपर, असं आमच्या ग्रुपवर सगळे म्हणतात. खरं आहे का?

अर्धं. जर्नलमध्ये बातम्यांचा विभाग आणि मतांचा विभाग यांत भिंत आहे, संपादकही वेगळे. मतांची पानं उजवीकडची आहेत, यात लपवण्यासारखं काही नाही. बातम्यांची पानं तशी नाहीत. जुलै २०२० मध्ये जर्नल आणि त्याच्या मातृसंस्थेतल्या २८० हून जास्त पत्रकारांनी प्रकाशकाला पत्र लिहून मतांच्या पानावरच्या चुकांबद्दल तक्रार केली होती. त्याला मतांच्या संपादकांनी जाहीर आणि फटकळ उत्तर दिलं. एकाच छताखाली इतकं जुंपतं, तेव्हा ‘जर्नल म्हणतो’ असं फॉरवर्ड करण्याआधी कुठलं पान ते बघायला हवं.

आणखी एक. जर्नलने १९२८ नंतर अध्यक्षपदाच्या कुठल्याही उमेदवाराला अधिकृत पाठिंबा दिलेला नाही. शेवटचा दिला तो हर्बर्ट हूवर यांना. पुढच्याच वर्षी बाजार कोसळला.

६. मग लंडनच्या पेपरांना अमेरिकेच्या निवडणुकीत पाठिंबा जाहीर करायची काय गरज?

गरज नाही, हौस आहे, आणि वाचक तिथे आहेत. इकॉनॉमिस्टची यादी मजेशीर आहे. १९८० मध्ये रेगन, १९८४ आणि १९८८ मध्ये कोणीच नाही, १९९२ मध्ये क्लिंटन, १९९६ मध्ये त्यांच्याविरुद्ध बॉब डोल, २००० मध्ये धाकटे बुश, २००४ मध्ये त्यांच्याविरुद्ध जॉन केरी. तिथून पुढे २०२४ च्या कमला हॅरिस यांच्यापर्यंत सगळे डेमोक्रॅट. २००८ मध्ये फायनान्शियल टाइम्सही ओबामांच्या बाजूने उभा होता.

या यादीतून पक्ष दिसत नाही, खुला व्यापार आणि स्थिर संस्था ही दोन खुणेची झाडं दिसतात. जो उमेदवार त्यांच्या जवळ, त्याला पाठिंबा. रिपब्लिकन पक्ष आयातशुल्काकडे वळला तशी साप्ताहिकाची पावलंही दुसरीकडे गेली.

याने मतं फिरतात का? ओहायोतल्या कारखान्यातला कामगार इकॉनॉमिस्टचं मुखपृष्ठ बघून मत देत नाही.

७. दर महिन्याच्या रोजगार आकड्यांवर एवढा गोंधळ का? आणि ‘सरकारने आकडे फिरवले’ हा आरोप कितपत खरा?

हे आकडे साधारण महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी येतात. आपल्याकडे संध्याकाळी सहाला, आणि तिकडची घड्याळं नोव्हेंबरात मागे गेली की सातला. मतदान नोव्हेंबरच्या सुरुवातीला असल्यामुळे एक अहवाल हमखास अगदी तोंडावर येतो.

५ ऑक्टोबर २०१२ ला बेरोजगारी ७.८ टक्क्यांवर आल्याचं जाहीर झालं. ओबामांच्या कारकिर्दीत ती बऱ्याच काळाने आठच्या खाली आली होती. जनरल इलेक्ट्रिकचे माजी प्रमुख जॅक वेल्च यांनी काही मिनिटांत ट्वीट केलं, की या शिकागोवाल्यांना (म्हणजे ओबामांच्या माणसांना) वादचर्चा जमत नाही म्हणून आकडे बदलतात. अर्थमाध्यमांनीच त्यांची हजेरी घेतली आणि चार दिवसांनी वेल्च यांनी फॉर्च्युन आणि रॉयटर्ससाठी लिहिणं सोडलं. एरवी वेल्च म्हणजे या माध्यमांचं दैवत. त्यांच्या कंपनीकडे वर्षानुवर्षं सीएनबीसीची मालकी होती. तरी हे झालं, कारण सरकारी आकड्यावरचा विश्वास हे या धंद्याचं भांडवल आहे. तोच गेला तर विकायचं काय?

आता आकडा बदलतो, हे मात्र खरं. बेरोजगारीचा दर सुमारे ६० हजार घरांच्या पाहणीवरून काढतात आणि नोकऱ्यांची संख्या आस्थापनांच्या वेगळ्या पाहणीवरून. दुसऱ्या पाहणीत उशिरा आलेली उत्तरं पुढच्या दोन महिन्यांत मिळवली जातात आणि वर्षातून एकदा मोठी दुरुस्ती होते. ऑगस्ट २०२४ मध्ये अशा दुरुस्तीचा प्राथमिक अंदाज आला, की वर्षभरातल्या ८ लाख १८ हजार नोकऱ्या जास्त मोजल्या गेल्या होत्या. ट्रम्प यांनी त्याला घोटाळा म्हटलं. पण मतदानाआधी सत्ताधाऱ्यांना अडचणीत आणणारा आकडा त्यांच्याच कामगार खात्याच्या सांख्यिकी विभागाने स्वतःहून जाहीर केला होता, हे त्या आरोपात बसत नाही. (अंतिम दुरुस्ती पुढे त्याहून कमी निघाली.) १ नोव्हेंबर २०२४ चा शेवटचा अहवाल तर आणखी वाईट होता : महिन्यात फक्त १२ हजार नव्या नोकऱ्या. त्यात दोन चक्रीवादळं आणि बोईंगचा संप मिसळलेला होता. बातमीच्या तिसऱ्या परिच्छेदात ते लिहिलेलं असायचं, प्रचाराच्या सभेत नसायचं.

ऑगस्ट २०२५ मध्ये एका कमकुवत अहवालानंतर अध्यक्ष ट्रम्प यांनी या विभागाच्या आयुक्तांनाच पदावरून काढलं. तेव्हापासून हा प्रश्न मला दुप्पट येतो. माझं उत्तर तेच आहे : पद्धत बघा, दुरुस्तीची तारीख बघा, मग शंका घ्या.

८. २०२० मध्ये मतदानाच्या आठवड्याआधी ‘अमेरिकेची ३३ टक्के वाढ’ असं वाचलं होतं. एवढी वाढ शक्य तरी आहे का?

२९ ऑक्टोबर २०२० चा तो आकडा ३३.१ टक्के होता आणि चुकीचा नव्हता. तो वार्षिक गतीचा होता. म्हणजे त्या तिमाहीत जो वेग होता तोच वर्षभर टिकला तर किती, असा हिशेब. प्रत्यक्ष तिमाहीतली वाढ होती ७.४ टक्के, आणि त्याच्या आधीच्या तिमाहीत घट झाली होती सुमारे ९ टक्के. शंभराचे एक्क्याण्णव झाले, मग साधारण अठ्ठ्याण्णव. भोक भरलं नव्हतं.

ट्रम्प यांच्या प्रचाराने ३३ उचलला, बायडन यांच्या बाजूने न भरलेलं भोक दाखवलं. चांगल्या वार्ताहरांनी दोन्ही दिले. आपला गोंधळ वाढतो कारण भारतात तिमाहीची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करतात. त्याच वर्षीचा आपला उणे २३.९ टक्क्यांचा आकडा तसा होता. दोन्ही आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढणारे लेख मी मराठीत वाचले आहेत. तसं करू नका.

९. २०२४ मध्ये सगळे अर्थतज्ज्ञ सांगत होते की महागाई आटोक्यात आली. मग लोक एवढे चिडलेले का होते?

इथे खिडकीची मर्यादा दिसते. महागाईचा दर जून २०२२ मध्ये ९.१ टक्के होता, सप्टेंबर २०२४ मध्ये २.४. रोख्यांचा व्यवहार करणाऱ्यासाठी ही आनंदाची बातमी, कारण व्याजदर उतरणार. पण दर उतरला म्हणजे भाव उतरले नाहीत, भाव वाढायचा वेग उतरला. बायडन यांनी सूत्रं घेतली तेव्हा जी टोपली शंभर डॉलरची होती, ती सुमारे १२० ची झाली होती आणि तिथेच राहिली होती. आपल्याकडे तूरडाळीचा भाव एकदा चढला की ‘या महिन्यात वाढला नाही हो’ असं सांगून कोणाची समजूत निघते का?

अर्थमाध्यमांत त्या काळात चर्चा चालायची ती आकडे चांगले असूनही लोकांचा मूड का वाईट, याची, जणू लोकांचंच काही चुकतंय. हॅरिस यांच्याबद्दलचं बरंच लेखन या गृहीतकावर उभं होतं. याच्या तुलनेत १९८० सोपं होतं. तेव्हा महागाई १३ टक्क्यांच्या वर आणि बेरोजगारी ७ च्या आसपास, दोन्हींची बेरीज करून ‘हालाखी निर्देशांक’ काढायची पद्धत होती. १९७६ मध्ये कार्टर यांनीच हे हत्यार तेव्हाचे अध्यक्ष फोर्ड यांच्यावर चालवलं होतं, चार वर्षांनी रेगन यांनी ते कार्टर यांच्यावर उलटवलं. पेपरवाल्यांना आणि मतदाराला तेव्हा एकच गोष्ट दिसत होती.

१०. ‘अमुक उमेदवारामुळे बाजार आपटला’ अशा मथळ्यांवर किती विश्वास ठेवावा?

थोडाच. बाजार बंद झाल्यावर वार्ताहराला अर्ध्या तासात कारण लिहायचं असतं. ‘का पडला ते सांगता येत नाही’ असा मथळा कोणी छापत नाही.

खरं कारण ओळखायचं असेल तर वेळ आणि व्याप्ती बघा. २१ सप्टेंबर २०१५ ला हिलरी क्लिंटन यांनी औषधांच्या अवाच्या सवा किमतींवर कारवाई करू असं ट्वीट केलं, आणि जैवऔषध कंपन्यांचा निर्देशांक त्या दिवशी ४ टक्क्यांहून जास्त पडला. एक विधान, एक क्षेत्र, तोच दिवस. इथे ‘मुळे’ लिहिणं योग्य. उलट २९ सप्टेंबर २००८ ला डाऊ ७७७ अंकांनी कोसळला, तो प्रतिनिधीगृहाने बचाव योजना २२८ विरुद्ध २०५ मतांनी फेटाळली म्हणून. तरी दोन्ही पक्षांच्या प्रवक्त्यांनी त्याच संध्याकाळी समोरच्या उमेदवाराकडे बोट दाखवलं आणि वाहिन्यांनी ते दाखवलं.

११. बाजारावरून निकाल आधी ओळखता येतो म्हणतात. तीन महिन्यांचा काहीतरी नियम आहे ना?

आहे : मतदानाआधीच्या तीन महिन्यांत एस अँड पी ५०० हा शेअर निर्देशांक वर गेला तर सत्ताधारी पक्ष जिंकतो. दर चार वर्षांनी हा नियम नव्याने छापून येतो. २०२४ मध्ये निर्देशांक वर गेला आणि सत्ताधारी पक्ष हरला. पुढच्या वेळी तो पुन्हा छापून येईल, काळजी नसावी.

निकालानंतर काय होईल याचा अंदाज त्याहून कच्चा. २०१६ मध्ये ट्रम्प जिंकले तर बाजार कोसळेल, यावर जवळपास एकमत होतं. मतमोजणीच्या रात्री डाऊचे वायदे ८०० अंकांहून जास्त पडलेही. दुसऱ्या दिवशी डाऊ बंद झाला तो अडीचशेहून जास्त अंक वर. २०२४ पासून सट्टाबाजारातले भाव, म्हणजे पॉलिमार्केट आणि कॅल्शी यांचे, अर्थवाहिन्यांच्या पडद्यावर शेअरच्या भावांशेजारी दिसू लागले. तो भाव म्हणजे पैसे लावणाऱ्यांचं मत. मतदारांचं नव्हे.

१२. माध्यमाचा मालकच उमेदवार झाला तर?

झालं आहे, दोघांच्या बाबतीत. फोर्ब्स या नियतकालिकाचे स्टीव्ह फोर्ब्स १९९६ आणि २००० मध्ये रिपब्लिकन उमेदवारीसाठी उतरले, १७ टक्के सरसकट प्राप्तिकर हा त्यांचा नारा. नोव्हेंबर २०१९ मध्ये मायकल ब्लूमबर्ग उतरले तेव्हा पेच मोठा होता. ब्लूमबर्ग न्यूजने जाहीर केलं, की मालकाची शोधपत्रकारी आम्ही करणार नाही, आणि बरोबरी म्हणून त्यांच्या डेमोक्रॅट प्रतिस्पर्ध्यांचीही नाही. ट्रम्प यांची मात्र चालू राहणार. मग ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेने ब्लूमबर्गच्या वार्ताहरांना प्रवेशपत्रं देणं बंद केलं. ट्रम्प यांच्या बाजूला इथे मुद्दा होता, हे मान्य करायला हवं. मार्च २०२० मध्ये शंभर कोटी डॉलरच्या घरात खर्च करून ब्लूमबर्ग बाहेर पडले, तेव्हा न्यूजरूमने सुटकेचा निःश्वास टाकला असेल.

उलट वाटेनेही माणसं जातात. सीएनबीसीवरचे भाष्यकार लॅरी कडलो २०१८ मध्ये ट्रम्प यांचे मुख्य आर्थिक सल्लागार झाले आणि नंतर फॉक्स बिझनेसवर गेले.

१३. उमेदवार अर्थमाध्यमांवरच उलटले तर कोणाचं नुकसान होतं?

बहुतेक वेळा माध्यमांचं. २८ ऑक्टोबर २०१५ ला कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये सीएनबीसीने रिपब्लिकन इच्छुकांची वादचर्चा घेतली. विषय अर्थव्यवस्था. एका सूत्रधाराने ट्रम्प यांना ‘ही कॉमिक्समधली प्रचारमोहीम आहे का’ असं विचारलं आणि सूर बिघडला. टेड क्रूझ यांनी आधीचे सगळे प्रश्न एकामागोमाग ऐकवत माध्यमांवर हल्ला चढवला, सभागृह टाळ्यांनी दणाणलं. दोन दिवसांत पक्षाने सीएनबीसीची भगिनीवाहिनी एनबीसीबरोबरची पुढची वादचर्चा स्थगित केली. कर्ज आणि करांवर खरोखर चांगले प्रश्न त्या रात्री विचारले गेले होते, ते कोणाला आठवत नाहीत.

मथळ्याने माणूस कसा अडकतो याचंही एक उदाहरण आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये मिट रॉम्नी (२०१२ चे रिपब्लिकन उमेदवार) यांनी मोटार उद्योगावर न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला. त्याला मथळा मिळाला ‘डेट्रॉइटला दिवाळखोर होऊ द्या’. मथळा पेपरने दिला होता. २०१२ मध्ये मिशिगन आणि ओहायो या मोटार कारखान्यांच्या राज्यांत तोच त्यांच्या गळ्यात अडकवला गेला.

१४. वाईट अर्थव्यवस्थेत सत्तेवरचा अध्यक्ष हरतोच ना? मग चर्चा कशाला?

हूवर १९३२ मध्ये हरले, कार्टर १९८० मध्ये, थोरले बुश १९९२ मध्ये, ट्रम्प २०२० मध्ये. पण रेगन बघा. १९८२ च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्के होती, १९८४ च्या मतदानापर्यंत ती ७.२ वर आली आणि त्यांनी ४९ राज्यं जिंकली. बुश ७.४ वर हरले, रेगन ७.२ वर दणदणीत जिंकले. पातळीपेक्षा दिशा महत्त्वाची. ओबामांचं २०१२ असंच (प्रश्न ७). जुन्या अर्थपत्रकारांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून ते शेवटच्या सहा महिन्यांचा आलेख काढून बसतात.

१५. आम्ही इथे महाराष्ट्रात बसून हे सगळं का वाचायचं?

तुमच्या घरात आयटीचा पगार येत असेल किंवा फंडात अमेरिकी शेअर असतील, तर वाचा. अमेरिकेत नोकऱ्या जाऊ लागल्या की आउटसोर्सिंगचा विषय निघतोच. २००४ मध्ये केरी यांनी काम बाहेर पाठवणाऱ्या कंपनीप्रमुखांना देशद्रोह्याची उपमा दिली होती. ओबामांनी मे २००९ मध्ये, अमेरिकेतल्या बफेलोपेक्षा बंगळूरमध्ये नोकरी दिली तर कर कमी पडतो असं म्हणत, बफेलो आणि बंगळूर ही जोडी जुळवली. हिंजवडीत त्या वाक्याचे अर्थ पुढे कितीतरी दिवस लावले गेले. पण प्रचारातलं वाक्य आणि झालेला कायदा यांतलं अंतर दरवेळी मोठं राहिलं आहे, त्यामुळे मथळा वाचून घाईने शेअर विकू नका.

बाजाराची दोन सकाळं सांगते. ९ नोव्हेंबर २०१६ ला आदल्या रात्रीची नोटबंदी आणि ट्रम्प यांचा विजय एकदमच अंगावर आले. सेन्सेक्स सुरुवातीलाच दीड हजारांहून जास्त अंकांनी पडला आणि संध्याकाळी साडेतीनशेच्या आतल्या घसरणीवर बंद झाला. ६ नोव्हेंबर २०२४ ला तो ९०० अंक वर गेला, आयटीचे शेअर सुमारे ४ टक्के वधारले, आणि त्याच दिवशी रुपया डॉलरसमोर तोवरच्या नीचांकाला गेला.

१६. मतमोजणीच्या रात्री जागून अर्थवाहिन्या बघाव्यात का?

तुमच्याकडे ती रात्र नसतेच, तिकडची मतमोजणी म्हणजे आपली बुधवारची सकाळ. चहा घेऊन बसा. मात्र त्या दिवशी निकाल लागेलच असं नाही : २०२० मध्ये मंगळवारी मतदान झालं आणि बायडन जिंकल्याचं वृत्तसंस्थांनी शनिवारी जाहीर केलं. २००० मध्ये तर बुश विरुद्ध गोर हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयातून १२ डिसेंबरला सुटलं.